बॉनेटकाका

बॉनेटची दांडी खटकन लागली की काका हजर होतात. प्रत्येक सोसायटीत असा एक असतोच. आमचे बी विंगमधून येतात, दुधाची पिशवी आणायला म्हणून निघालेले. दूध राहतं.

पहिला प्रश्न ठरलेला: "सेल्फ मारतोय का?" उत्तर यायच्या आत दुसरा: "शेवटचा हात कुणाचा लागला होता हिला?" कुठल्याही मेकॅनिकचं नाव सांगा, काका नुसतं "हं" म्हणतात. त्या 'हं'मध्ये त्या बिचाऱ्याचं दुकान बंद झालेलं असतं.

काकांचं शिक्षण प्रीमियर पद्मिनीवर झालं. कुर्ल्याच्या कारखान्यातली ती १०८९ सीसीची गाडी. बॉनेटखाली सगळं उघड्यावर: कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, कॉइल, फॅनबेल्ट, आणि मध्ये कोपरापर्यंत हात घालायला जागा. पॉइंट पॉलिश पेपरने घासले, प्लगची काजळी पुसली, की गाडी सुरू. नाहीच झाली तर ढकलायला माणसं असायची. तिची फायरिंग ऑर्डर, १-३-४-२, काकांना अजून तोंडपाठ आहे. काकूंचा मोबाइल नंबर नाही. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हा "तीन सिलिंडरची गाडी ही काय गाडी?" असं म्हणून त्यांनी ती निकालात काढली होती. पुढे तीच घेतली.

आताच्या गाडीचं बॉनेट उघडलं की वर काळं प्लॅस्टिकचं झाकण. काका क्षणभर थबकतात, मग त्या झाकणावरच खेकसतात, "हे आधी काढा!" खाली कार्बोरेटर नाही, डिस्ट्रिब्युटर नाही, नुसत्या वायरी आणि कनेक्टर. पण 'माहीत नाही' हे शब्द काकांच्या तोंडून अजून कुणी ऐकलेले नाहीत.

"हे काय आहे काका?"

"सेन्सर."

"आणि ते?"

"तोही सेन्सरच. पण वेगळा."

वैताग म्हणजे हे बहुतेक वेळा बरोबर निघतं.

ऑइलची काडी मात्र त्यांनीच ओढावी. ओढतात, फडक्याने पुसतात, पुन्हा घालतात, पुन्हा ओढतात. "पहिलं रीडिंग कधी धरायचं नाही. ऑइल वर उडालेलं असतं." मग दोन खुणांच्या मध्ये ऑइल कुठे आहे ते चष्मा कपाळावर चढवून बघतात, थेंब चिमटीत चोळतात, हुंगतात आणि निकाल देतात: "काळं पडलंय." गाडी डिझेलची असेल तर हा निकाल कधी चुकत नाही, तिचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काजळीने काळं होतं.

एका ठिकाणी मात्र काकांचा आवाज बदलतो. इंजिन तापलेलं असताना कुणी रेडिएटरच्या टोपीकडे हात नेला की काका तो हात मनगटाला धरून मागे ओढतात. आतलं पाणी दाबाखाली असतं. टोपी सैल झाली की उकळतं पाणी थेट अंगावर. काकांच्या उजव्या मनगटावर एक जुना चकचकीत डाग आहे. घड्याळ ते त्याच हातात बांधतात.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट भुकटी दिसली की ते पुन्हा खुलतात. दहाचा पाना, आधी निगेटिव्ह सोडवायचा. वरून काकूंना हाक: "सोडा आणि गरम पाणी पाठव गं!" काकू पाठवतात, सोबत दुधाची चौकशीही पाठवतात. भुकटी धुऊन, पुसून, घासून पहिल्यांदा पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. किल्ली फिरवली की गाडी सुरू!

काकांचा चेहरा पडतो. "बॉनेट लावू नका, जरा चालू राहू दे," म्हणत ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरवर टेकवून मूठ कानाला लावतात. "बेअरिंग बोलतंय. रविवारी उघडू."

त्यांची स्वतःची गाडी कोपऱ्यात कव्हर घालून उभी असते. तिचं बॉनेट उघडलेलं सोसायटीत कुणी पाहिलेलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच देतो. उगाच कुणाला हात लावू द्यायचा नाही."