अध्यक्ष व्हायचंय? आधी पोराचं नाव घाला!

गावात मान मिळवायचे मार्ग हल्ली फार महाग झालेत. सोसायटीचं चेअरमनपद ठरलेल्या दोन घरांबाहेर पडत नाही, सरपंचपदाला आरक्षण आडवं येतं आणि दूध डेअरीचं संचालक व्हायचं तर गोठ्यात निदान एक म्हैस लागते. होतकरू माणसाने जायचं कुठे? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत. शिकायला नाही हो, शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्ष व्हायला! डिपॉझिट नाही, शिक्षणाची अट नाही, मतदार म्हणजे पाच-पन्नास पालक. शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, तो मुलांसाठी, असं सगळीकडे छापून येतं. तुम्ही कलम 21 वाचा. तो तुमच्यासाठीच झालाय.

1. मूल मिळवा.

समितीत निदान 75 टक्के सदस्य पालक लागतात आणि अध्यक्षही त्यांच्यातलाच. तेव्हा उमेदवारी अर्जाला जोडायचं मुख्य कागदपत्र म्हणजे पोरगं. तुमचा थोरला तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला जातो, पिवळी बस त्याला चौकातून उचलते, हे साऱ्या गावाला माहीत आहे. खचून जाऊ नका. धाकट्याचं नाव पहिलीत घाला. धाकटा नसेल तरी वाट आहे. कायदा आईबापांच्या जोडीने पालनकर्त्यालाही धरतो. बहिणीचं पोरगं मे महिन्यात मामाच्या गावाला येतंच. जूनमध्ये ते परत पाठवू नका.

दोन मुलांमधल्या अंतराचाही आतापासून विचार करा. मूल शाळेतून बाहेर पडलं की तुमचं सदस्यत्व त्याच्या दाखल्याबरोबर जातं. म्हणून या शाळेतलं एक चौथी ओलांडायच्या आत दुसरं पहिलीत बसायला हवं. तिसऱ्याचा मोह मात्र आवरा. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालेल्याला ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद बंद. समितीत टिकायला मुलं हवीत आणि तिथून वर चढायला ती नकोत, असा हा पेच आहे. तुमच्या सौभाग्यवतींना तो आधीच समजावून सांगा.

2. सभेची वेळ मुख्याध्यापकांना ठरवू देऊ नका.

समिती दर दोन वर्षांनी नवी होते, ती पालक सभेतून. सभा खुरपणीच्या ऐन दिवसांत, दुपारी बाराला ठेवायला लावा. ज्यांना रोज बुडवून येणं परवडत नाही ते येणार नाहीत. ज्यांना काहीच काम नसतं ते येतील, आणि ती तुमचीच माणसं. नोटीस फळ्यावर लागली की फळा पुसायची जबाबदारी एखाद्या चुणचुणीत मुलाकडे द्या.

सभा व्हरांड्यात भरते. बायका भिंतीला टेकून, पुरुष पायऱ्यांवर आणि मोटारसायकलवर बसलेले दोघं फाटकाबाहेर. ते दोघं फार महत्त्वाचे. कोण आलं, कोण वळून गेलं, हे तेच तुम्हाला फोनवर सांगतात. गुरुजी नियम वाचायला लागले की मागून कुणीतरी म्हणायचं, "गुरुजी, ते राहू द्या, नाव घ्या." दुसऱ्याने म्हणायचं, "बिनविरोध करा, गावाची शोभा नको." तिसऱ्याने तुमचं नाव घ्यायचं. तुम्ही "नको नको, मला कुठं वेळ" असं म्हणत उभं राहायचं. सूचक-अनुमोदकाला आदल्या रात्री धाब्यावर नेलेलं असलं म्हणजे हात लवकर वर जातात. काही गावांत या निवडीला पोलीस बंदोबस्त मागवावा लागतो. तेवढी वेळ आणू नका. पोलिसांचा चहा तुमच्याच खात्यावर लिहिला जातो.

3. सोबती पारखून घ्या.

निम्म्या जागा महिलांच्या. पदच महिलेकडे द्यायचं ठरलं तर वाईट वाटून घेऊ नका, वहिनींचं नाव द्या. सरपंचपती असतो तसा अध्यक्षपतीही असतो. वहिनींनी चहा ठेवायचा, तुम्ही बैठक घ्यायची, इतिवृत्ताचं रजिस्टर सहीला घरी जायचं. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा द्याव्या लागतात. त्यासाठी ज्याने तुमच्याकडून उचल घेतली आहे तो पालक बघा. त्याचा तुमच्यावर गाढ विश्वास असतो, निदान उचल फिटेपर्यंत.

एक जागा शिक्षणतज्ज्ञाची. गावातला शिक्षणतज्ज्ञ ओळखायची सोपी खूण सांगतो: इतर कुठल्याच समितीत ज्याची वर्णी लागली नाही तो. दोन विद्यार्थीही सदस्य असतात. त्यांना बिस्किटं द्या आणि वर्गात पाठवा. ते शाळेबद्दल बोलायला लागतात.

4. फ्लेक्स त्याच संध्याकाळी.

निवड दुपारी, फ्लेक्स सहाच्या आत. वर नेत्यांचे फोटो गोलात, मध्ये तुम्ही मोबाईल कानाला लावलेले, खाली शुभेच्छुकांची रांग. शाळेचा फोटो टाकायचा हट्ट धरू नका, जागा उरत नाही. नावापुढे 'भावी जिल्हा परिषद सदस्य' हवंच. 2022 पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबत गेल्या. तेवढ्या काळात कितीतरी भावी सदस्यांचे केस पांढरे झाले. फ्लेक्सवर मात्र ते काळेच होते.

5. सही हीच खुर्ची.

समितीचं बँकखातं अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या जोड सहीचं असतं. हे वाक्य दोनदा वाचा. पद म्हणतात ते हेच. सही करायला कधी नकार देऊ नका. नुसते सापडू नका. गुरुजी चेकबुक घेऊन तुमच्या शेतापर्यंत येतील. "बघू, उद्या या," म्हणा. खडूच्या बिलाला दोन दिवस, रंगकामाच्या बिलाला आठवडा. रंगवाला तुमचा मेहुणा असेल तर मात्र पेन खिशातच असू द्या.

गणवेशाच्या बाबतीत अध्यक्षांनी फार सोसलंय. 2024-25 साली सरकारने 'एक राज्य एक गणवेश' म्हणत हे काम समित्यांच्या हातून वर ओढून घेतलं. ठिकठिकाणी गणवेश उशिरा आले आणि आले ते मापात बसेनात; कुणाच्या बाह्या कोपरापर्यंत, कुणाची पँट काखेत. मुलांचं एक वेळ निभावलं, पण ज्या अध्यक्षाच्या ओळखीचा कापडवाला वर्षभर बसून राहिला त्याचं काय? शेवटी काम समित्यांकडे परत आलं. अन्यायाला वाचा फुटते ती अशी.

6. खिचडीची चव घ्या, पण बेताने.

पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीच्या मुलाला 150. वाटपाआधी कुणी मोठ्या माणसाने चव घ्यायची आणि चव रजिस्टरला नोंद करायची. तुम्ही महिन्यातून एकदा, शेरे लिहिणारे पाहुणे यायच्या दिवशी जा. घास घ्या, मान हलवा, "वरण पातळ आहे" म्हणा. वरण नेहमीच पातळ असतं, त्यामुळे तुमचा अभ्यास दिसतो. स्वयंपाकीण मावशी मानधन थकल्याचं सांगायला लागल्या की फोन कानाला लावा.

7. शाळा विकास आराखडा.

कायद्याने तीन वर्षांचा आराखडा समितीने करायचा असतो. मागचा घ्या, साल बदला. 'मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती' हा मुद्दा खोडू नका, तो पुढच्या अध्यक्षालाही लागेल.

8. झेंडा.

खरी लढाई इथे आहे. 26 जानेवारीला दोरी कोण ओढणार? सरपंच म्हणतात शाळा गावची, तुम्ही म्हणता शाळा समितीची, गुरुजी म्हणतात शाळा सरकारची, आणि दोरी हातात घेऊन शिपाई थंडीत उभा. पंधरा दिवस आधी मासिक सभेत ठराव घालून ठेवा, 'आयत्या वेळचे विषय' या सदरात. तिथे काहीही मावतं. तरीही सरपंच पुढे सरसावलेच तर तडजोड म्हणून नारळ मागा. नारळ फोडणाऱ्याचाच फोटो चांगला येतो, झेंडा फडकवणाऱ्याची नुसती हनुवटी दिसते.

9. पट राखा.

2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विषय निघाला, तेव्हा बऱ्याच अध्यक्षांची झोप उडाली. शाळाच गेली तर अध्यक्ष कशाचे? तेव्हा मे महिन्यात गुरुजींबरोबर घरोघर फिरा. "आपली मराठी शाळा वाचली पाहिजे" हे कळवळून म्हणा. फक्त सकाळी सव्वासातला चौकात उभे राहून म्हणू नका. त्याच वेळी पिवळी बस येते आणि थोरला तुम्हाला हाक मारतो.

10. मुदत संपत आली तर.

धाकटा चौथीत गेला. आता त्याला नापास करून एक वर्ष काढावं असं मनात येईल. जमणार नाही. कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर मुलाला मागे ठेवायची सोय झाली, ती पाचवीला आणि आठवीला. चौथीचं पोरगं काही केलं तरी वर जातं. मग एकच उपाय: शाळेला पाचवीचा वर्ग जोडा, अशी मागणी लावून धरा. निवेदन द्या, पत्रकार बोलवा, शाळेला टाळं ठोका. मुलांना आधी बाहेर काढा, ते राहून जातं. मागणी मान्य झाली तर एक वर्ष मिळालं आणि वर शिक्षणप्रेमी म्हणून नाव झालं.

नाही झाली तरी नव्या अध्यक्षाच्या फ्लेक्सवर 'मार्गदर्शक' म्हणून स्वतःचा गोल आधीच धरून ठेवा आणि पुढच्या पालक सभेला वेळेवर हजर राहा. शिक्षणतज्ज्ञाची जागा असतेच, आणि तिला मूल लागत नाही.