टंच

आमचे तात्या लखनौच्या चौकात, सराफ्यातल्या एका गल्लीत गलाई करतात. दागिना वितळवायचा आणि त्यात सोनं किती, भेसळ किती ते सांगायचं, हा धंदा. विटा-आटपाडीकडची माणसं मूस घेऊन देशभर पांगली, त्यांतले हे एक. सख्ख्या बहिणीची बांगडीसुद्धा कसोटीवर घासल्याशिवाय घेत नाहीत. हॉलमार्क दाखवला तर म्हणतात, "शिक्का काय, पोस्टात बी मारत्यात."

ह्या माणसानं मांजर घेतलं ते मात्र निव्वळ तोंडी बोलीवर.

विकणारा म्हणाला, अस्सल पर्शियन आहे, वंशावळीचे कागद घरी आहेत, आणून देतो. त्याला चार वर्षं झाली. मांजरीचं नाव बिस्किट. "पारले न्हवं," तात्या गिऱ्हाइकाला बजावतात, "धा तोळ्याचं."

दर गुरुवारी बिस्किटला चांदीच्या काट्यावर बसवतात. ही जात सावकाश भरते, पुरती वाढायला दोन वर्षं घेते. त्या दोन वर्षांचा हिशेब लाल वहीत ग्रॅममध्ये आहे. गेल्या गुरुवारी ४ किलो २८० ग्रॅम. काकूंनी एकदा "माझं हो किती?" विचारलं, तर "असंल साठाच्या आसपास" एवढंच उत्तर आलं.

स्वभावानं बिस्किट थंड. उडी मारण्यापेक्षा बसलेलं बरं, असं तिचं मत. नाक इतकं चपटं की डोळे सारखे पाझरतात आणि उन्हाळ्यात धाप लागते. त्यात लखनौचा मे महिना आणि शेजारी भट्टी. म्हणून कारागिरांना इतकी वर्षं न मिळालेला एसी अखेर दुकानात आला, तो तिच्या गादीच्या बरोब्बर वर. आता कारागीर काम करता करता गादीकडे सरकत असतात. शेजारचे जरदोजीवाले बडे मियाँ तिला 'आप' म्हणतात. मला 'तुम'.

पुण्याहून गेलेला मी, मला गप्प बसवेना. म्हटलं, "तात्या, ह्या मांजरांचा इराणशी फारसा संबंध नाही. जनुकं तपासली तर ती युरोपातल्या मांजरांच्या जवळची निघाली. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शन भरलं, तिथं ती मिरवली."

"मग आमचं काय येगळं हाय? हितं आम्ही मराठे, विट्याला गेलो की लखनौवाले."

मी मुद्द्यावर आलो. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार ह्या जातीत बराच आढळतो, आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. एरवी नीट जपलं तर १२-१५ वर्षं सहज जगेल. गालाच्या आतून कापूस फिरवायचा आणि लॅबला पाठवायचा. जातही कळेल.

तात्यांनी चिमटा खाली ठेवला. "आन् न्हाई निघाली पर्शियन, तर?"

"तर काय?"

"तर काय म्हंजे? हळू बोल की लेका, तिच्या देखत बोलतुयास."

रात्री दुकान बंद झालं की तात्या स्वतः फणी घेऊन बसतात. बोटभर लांब केस, रोज विंचरले नाहीत तर गुठळ्या होतात. निघालेला पुंजका फेकायचा नाही, डब्यात ठेवायचा. गलाईच्या दुकानात जमिनीवरची धूळसुद्धा झाडून ठेवतात, कारण तिच्यात सोन्याचे कण असतात. आणि बिस्किट दिवसभर त्याच जमिनीवर लोळते.

मी होतो तेव्हाच डबा भरला. तात्यांनी पुंजके जाळले, राख टाकणखार घालून मुशीत टाकली आणि भट्टी फुलवली. बडे मियाँनी पलीकडून खिडकी लावल्याचा आवाज आला. निवल्यावर तळाशी मोहरीएवढा मणी. तात्यांनी तो कसोटीवर घासला, वर आम्लाचा थेंब सोडला आणि चष्मा पुसून वाकून पाहिलं. रेघ जशीच्या तशी.

"हं, आता बोल," तात्या दगड माझ्या नाकासमोर धरून म्हणाले. "अस्सल हाय का न्हाई?"