भूप, दुर्गा आणि वाढीव गुण : पालीकरांसाठी पहिला धडा

आधी लेकरू कितवीत आहे ते बघा. शास्त्रीय संगीताचे वाढीव गुण दहावीच्या निकालात मिळतात, ही बातमी आपल्या पाली गावात बहुधा लेकरू दहावीला गेल्यावरच पोचते. तोवर एसटी निघून गेलेली असते. तीन परीक्षा उत्तीर्ण झाल्या तर 10 गुण, पाच झाल्या तर 15. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा म्हणजे प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, मग प्रवेशिका पूर्ण. एकेक पायरी चढत जायचं. म्हणून पाचवीतच नाव घाला. गळा आहे का, ते सावकाश बघू.

पेटी विकत घेऊ नका. मंदिरात भजनी मंडळाची एक आहे. मंदिरातले बाबा देतील, पण भात्यावर दोन वाक्यं ऐकवूनच देतील.

वहीला मात्र पर्याय नाही. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं वर्गात, फळ्यावर आणलं. तेव्हापासून गाण्याला परीक्षा आहे, आणि परीक्षा म्हटली की वही आलीच. उतारवयात पलुसकर नाशकात रामनामात रमले. आपल्या मंदिरातल्या बाबांशी त्यांचं चांगलं जमलं असतं.

रियाजाची वेळ. भूप हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग. त्या प्रहराला घरात मालिका चालू असते, नाहीतर शेतातली लाईट आली म्हणून बाप मोटार चालू करायला निघालेला असतो. तेव्हा भूप पहाटे गा. त्यात धैवतावर जास्त रेंगाळलात तर तो देशकार व्हायला लागतो. स्वर तेच पाच, आणि देशकार सकाळचाच. म्हणजे चुकूनही वेळ साधली. परीक्षकांना हा हिशोब समजावू नका. त्यांनी दुर्गा राग म्हणायला सांगितला तर गंधार सोडा, मध्यम धरा.

खरी अडचण तोंडी परीक्षेत येते. आपलं पोरगं हरिनाम सप्ताहात उभं राहून रात्र रात्र टाळ वाजवतं, एक ठोका इकडचा तिकडे होत नाही. पण 'या ठेक्याच्या मात्रा किती?' असं विचारलं की ते आपल्या हातांकडे बघतं. हातांना ठाऊक आहे, तोंडाला नाही. त्याला शिकवायचं ते एवढंच: भजनी ठेक्याच्या आठ. त्रितालाच्या सोळा, टाळी एक, पाच आणि तेरावर, खाली नऊवर. गुण मिळतात ते या आकड्यांना. जागरणाला प्रमाणपत्र नसतं, हे मला अजून पटलेलं नाही, पण पटवून घ्या.

हिवाळी सत्राची परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात येते. तोवर कोयता घेऊन ऊसतोडीची टोळी साखर कारखान्यावर गेलेली असते. म्हणून फीचे पैसे उचल हातात आली त्याच दिवशी आजीच्या पिशवीत ठेवा, आणि पिशवी कुठंय ते लेकराला सांगून जा. फॉर्मवरचं नाव शाळेच्या दाखल्याबरहुकूम लिहा. घरात 'बाळू' आणि दाखल्यावर 'बालाजी' असेल तर प्रमाणपत्र बाळूचं येईल आणि गुण मागायला बालाजी जाईल.

परीक्षेच्या आदल्या रात्री आजी म्हणेल, 'रागबिग राहू दे, एक अभंग म्हण.' म्हणू द्या. गळा मोकळा होतो.

आणि पेटी एकादशीच्या आत मंदिरात परत ठेवा. भाता पुसून.