उलट्या पगाराचा सालगडी

मराठवाड्यात सालगडी ठरतो पाडव्याला. सालाचा आकडा ठरतो, थोडी उचल हातावर पडते आणि पुढच्या पाडव्यापर्यंत बैलांच्या वैरणीपासून रात्री दारं धरण्यापर्यंत सगळं त्याच्या अंगावर येतं. न सांगता गैरहजर राहिला की खाडा धरतात आणि हिशेबाला बसल्यावर खाड्याचे पैसे कापतात. हा करार कुणालाही कळतो, कारण त्यात पैसा मालकाकडून गड्याकडे जातो. लातुरात गेल्या काही वर्षांत मात्र एका वेगळ्याच वाणाचा सालगडी तयार झाला आहे. त्याचंही साल ठरलेलं असतं, रोजची कामं नेमून दिलेली असतात, खाडाही धरला जातो. फक्त पैसा गड्याकडून मालकाकडे जातो, आणि एवढं करून गडी म्हणतो, मी खेळतोय.

हा गडी ओळखायला अवघड नाही. वय सतरा ते चौतीस. तो ट्यूशन एरियातल्या कॉट बेसिसच्या खोलीत सापडतो, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत सापडतो, आणि गिऱ्हाईक नसताना आडत दुकानाच्या गादीवरही सापडतो. फोन चार्जरला अडकवलेला, चार्जरची वायर टेपनं जोडलेली, त्यामुळे वायर पोचेल त्या कोनात मान. इअरफोन एकाच कानात. दुसरा कान घरच्यांसाठी राखीव. जेवायला हाक आली की ‘थांब माय, मॅच चालूलालीय’ एवढंच उत्तर येतं, आणि ते देताना चेहरा तलाठी ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणताना करतो तसा असतो. मजा करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर थोडी तरी अपराधी खूण असते. ह्याच्या चेहऱ्यावर असतो तो कर्तव्याचा ताण. माझं म्हणणं असं की चेहरा खोटं बोलत नाही. महिन्याच्या वर्गणीवर किंवा हंगामी पासवर चालणारा खेळ हे कामच आहे. आणि पुढचं म्हणणं असं की ते काम आहे म्हणूनच ह्याला आवडतं.

आधी पासचं बघू. लातुरात पास म्हटलं की एसटीचा. पैसे भरा, शिक्का घ्या, महिनाभर औसा-लातूर जा-ये करा. कंडक्टर तुम्हाला बस ढकलायला सांगत नाही (निदान रोज नाही). खेळातला पास वेगळा. पैसे भरल्यावर माल मिळत नाही, माल मिळवण्यासाठी राबण्याचा हक्क मिळतो. बीजीएमआय ह्या मोबाइलवरच्या खेळाचा रॉयल पास घेतला की आठवड्याची कामं समोर येतात: अमुक बंदुकीनं इतके मारा, अमुक गावात इतक्या वेळा उतरा, मित्राबरोबर इतके डाव खेळा. ती केली की पायरी चढते आणि पायरीवर ठेवलेला अंगरखा मिळतो. न केली तर भरलेले पैसे गेले, अंगरखाही गेला. रँकचंही तसंच. ब्रॉन्झपासून चढत चढत क्राउन, एस आणि सगळ्यात वर कॉन्करर, म्हणजे यादीतले पहिले पाचशे. लवकर मेलात तर गुण वजा. आणि इतकं चढून झालं की हंगाम संपतो, सगळ्यांना खाली ढकलतात आणि पुन्हा चढाई सुरू. शहराबाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. लातूरकराला वाटत नाही, कारण त्यानं हेच सगळं नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या, वर्गात पाहिलेलं असतं. तिथं रोजची प्रश्नपत्रिका असते, दर रविवारी टेस्ट असते, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा, एकूण ७२०, भिंतीवर रँकची यादी, आणि यंदा जमलं नाही तर रिपीटर बॅच. लातूर पॅटर्ननं, म्हणजे इथल्या शिकवणीच्या पद्धतीनं, ज्याला रोजच्या सरावाची सवय लावली तो विरंगुळा म्हणून फोन उघडतो आणि दुसऱ्या क्लासमध्ये जाऊन बसतो. फीसुद्धा दोन्हीकडे आगाऊच.

बीजीएमआय हा गोळीबाराचा खेळ. अस्सल रोल-प्लेइंग खेळ आपल्याकडे थोडेच लोक खेळतात. पण वर्गणीचा हा कारखाना मूळचा त्या खेळांचा, म्हणून तिकडे डोकावलं पाहिजे. रोल-प्लेइंग म्हणजे सरळ मराठीत सोंग घेणं. आपल्याकडे हे काम बहुरूप्याचं. तो फौजदाराचं सोंग घेऊन दारात उभा राहतो, अटकेची धमकी देतो, मुलं हसतात आणि तो चार पैसे घेऊन पुढच्या घरी जातो. सोंग काढणाऱ्याला पैसे मिळावेत ही जगाची रीत. १९९७ साली अमेरिकेत आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’सारख्या खेळांनी ती उलटी केली आणि सोंग काढणाऱ्यांकडूनच महिन्याची वर्गणी घेतली. २००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला, महिना सुमारे १५ डॉलर. २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार सव्वा कोटीच्या आसपास गेले. सुरुवातीच्या काळात त्यातली मोठी राक्षसं मारायला चाळीस जण लागत. एक-दोघांनी मार खायचा, आठ-दहांनी त्यांचं औषधपाणी बघायचं, उरलेल्यांनी मागून हाणायचं. चाळीस जणांना एका वेळी एका ठिकाणी आणणं म्हणजे काय हे ज्यानं मुलीच्या लग्नाची वरात वेळेवर हलवली आहे त्याला विचारा. राक्षस मेल्यावर तलवार एकच निघते आणि मागणारे पंधरा. त्यावर तोडगा म्हणून हे लोक राक्षसगुणांची पद्धत वापरत: हजर राहिल्याचे गुण, वेळेवर आल्याचे गुण, आणि त्या गुणांवर माल. आपण ह्याला हजेरीपट म्हणतो, सरकार मस्टर म्हणतं. निक यी नावाच्या संशोधकानं २००६ साली ह्या विषयावर निबंध लिहिला तेव्हा असे खेळाडू आठवड्याला सरासरी वीस तासांहून जास्त राबत होते. अर्धी नोकरीच झाली की.

‘ईव्ह ऑनलाइन’ तर ह्याच्याही पलीकडचं. २००३ सालचा आइसलँडचा हा खेळ. अंतराळयानं, खाणी, कंपन्या, कर, बाजारभाव असा सगळा संसार. खेळाडू त्याला गमतीनं अंतराळातला जमाखर्च म्हणत. पुढे मालक कंपनीनं ती गंमत गंभीरपणे घेतली आणि मायक्रोसॉफ्टशी बोलून खेळातले आकडे थेट एक्सेलमध्ये उतरतील अशी सोय २०२२ मध्ये जाहीर केली. खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे एखाद्या मुनिमाला सांगून बघा की तुझ्या करमणुकीसाठी आणखी एक खतावणी आणली आहे. ह्याच खेळात जानेवारी २०१४ मध्ये हजारो खेळाडूंची लढाई झाली. ती सुमारे एकवीस तास चालली आणि जवळपास तीन लाख डॉलर किमतीची यानं त्यात जळाली. कारण काय, तर एका गटाचं ताब्यातल्या प्रदेशाचं ठरलेलं बिल भरायचं राहिलं. शेतसारा थकला म्हणून महाभारत! आपल्या भावकीतली भांडणं ह्याहून समंजस असतात. तिथं निदान बांध तरी खरा असतो.

ह्यावर पहिला आक्षेप ठरलेला. काम असतं तर पदरचे पैसे घालून कुणी केलं असतं का? लातुरात हा आक्षेप फार टिकत नाही, कारण पदरचे पैसे घालून राबणं हा ह्या शहराचा मोठा उद्योगच आहे. पण उत्तर इतक्यावर सोडू नये. पैसा कुठल्या दिशेला जातो ह्यावर काम आणि खेळ ठरत नाही. ह्या शतकाच्या पहिल्या दशकात चीनमध्ये वॉरक्राफ्टमधलं खोटं सोनं गोळा करण्याचे खरे कारखाने होते. पोरं बारा-बारा तासांच्या पाळीत तेच राक्षस मारत आणि ते सोनं पुढे श्रीमंत देशांतल्या खेळाडूंना विकलं जाई. ज्युलियन डिबेल ह्या अमेरिकी पत्रकारानं २००७ मध्ये त्यांच्यावर लिहिलं, त्यात एक चकित करणारी गोष्ट होती. पाळी संपल्यावर त्यांतली काही पोरं विरंगुळा म्हणून तोच खेळ खेळत. पडदा तोच, राक्षस तेच, बोटं तीच. म्हणजे फरक हालचालीत नाही, मजुरीतही नाही. पाळीच्या वेळी उठता येत नव्हतं, नंतर येत होतं; फरक असलाच तर तो एवढाच. आपल्या कायद्यानं मात्र पैशाचीच दिशा पाहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ बंद. वर्गणी किंवा प्रवेशशुल्क घेणारे करमणुकीचे खेळ मात्र चालतील. म्हणजे दिलेला रुपया परत येण्याची आशा असेल तर गुन्हा, आणि तो परत येणारच नाही अशी खात्री असेल तर करमणूक. कायदा म्हणून हे योग्यच आहे, जुगारानं घरं बसतात. पण आपल्या सालगड्याला त्यात ‘करमणूक करून घेणारा’ असा किताब मिळाला, तो मला मान्य नाही.

मग हे काम त्याला गोड का लागतं? कारण मराठवाड्यात घाम आणि फळ ह्यांची गाठ क्वचितच पडते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारातला भाव बराच काळ त्याच्या खाली रेंगाळला. पेरणारा तोच, फवारणारा तोच, भाव पाडणारा कुणी तिसराच. पाण्याचंही तेच, ते कुणाच्या हातात नाही: २०१६ च्या एप्रिलात ह्या शहराला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. वर्षभर घोकून ७२० पैकी भरघोस गुण पाडलेल्या पोराला वरचा कट-ऑफ पाहून घरी यावं लागतं. अशा मुलखात खेळानं सांगितलं की दहा डुकरं मार, दहा मोहरा मिळतील, आणि दहावं डुक्कर पडताक्षणी खरोखरच दहा मोहरा खळकन् पडल्या, तर माणूस हुरळणार नाही का? महाराष्ट्रानं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे वि. स. पागे ह्यांची कल्पना हीच होती: मागेल त्याला काम आणि केलेल्या कामाचा दाम. प्रत्यक्षात मस्टर वर जातं, मजुरी खाली येता येता दिवस जातात. खेळवाल्या कंपन्यांनी ती कल्पना जशीच्या तशी अमलात आणली. मागेल त्याला काम, रात्री दोन वाजता मागितलं तरी काम, आणि दाम त्याच सेकंदाला. अडचण एकच की दाम बाजारात चालत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो करणाऱ्यांना मी मानतो. ते म्हणतात, चांगल्या खेळात कष्ट असतातच. तालमीतला पोरगा पहाटे चारला उठून जोर काढतो, त्याला मजूर म्हणाल का? गणपती मंडळाचा कार्यकर्ता दहा दिवस झोपत नाही, वर्गणीही स्वतःच भरतो. वारकरी पायांना फोड येईपर्यंत चालतो. खरं आहे, कष्टावरून काही ठरत नाही. म्हणून मी खाड्याचं माप लावतो. पैलवान एक दिवस तालमीत गेला नाही तर वस्ताद शिव्या देईल, पण कालचे जोर अंगातून काढून घेणार नाही. वारीला एक वर्ष जाणं झालं नाही तर विठोबा पायऱ्या उतरवत नाही. मंडळाचा गणपती अकराव्या दिवशी विसर्जित होतो आणि कार्यकर्ता झोपतो. विसर्जन आहे म्हणून तो उत्सव आहे. ह्या खेळांत रोजच्या हजेरीचं बक्षीस असतं, सात दिवसांची साखळी असते, सहाव्या दिवशी खाडा पडला की साखळी तुटते. शिवाय चौघांचा संघ असतो, आणि आपल्यामुळे तिघांचा डाव बुडाला ही शरम वेगळी. पावसात भिजत शेतावर जाणारा गडी आणि ताप असताना फोन उघडणारा हा, दोघांच्या मनात एकच वाक्य असतं: आज नाही गेलो तर कसं होईल. हे वाक्य ज्या दिवशी मनात आलं त्या दिवशी खेळ संपला आणि साल सुरू झालं.

सरकारदरबारी हे कुणाला जाणवलं नाही असं नाही. बंदी उठून २०२३ च्या मे महिन्यात बीजीएमआय परत आला तेव्हा वेळेची मर्यादा घातली होती: अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास, बाकीच्यांना सहा. सहा गुणिले सात, बेचाळीस. कारखान्यातल्या कामगाराला कायद्यानं आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आहेत, पण त्याला एक सुट्टीचा दिवस सक्तीचा आहे. इथं ती तरतूद करायची राहिली.

घरातली वडील माणसं ह्या सालगड्याला ‘रिकामटेकडा’ म्हणतात, आणि ती मोठी चूक आहे. रिकामटेकड्याला वेळ असतो; अनेक रस्ते फुटणाऱ्या लातूरच्या गंजगोलाईत उभा राहून कुठल्या रस्त्यानं जावं ह्याचा तो अर्धा तास विचार करू शकतो. ह्याला तेवढी उसंत नाही, कारण रात्री बारापर्यंत दोन कामं उरकायची आहेत. ‘काही कर की’ असं त्याला म्हणणाऱ्या बापानं हे ध्यानात घ्यावं की पोरगा करतोच आहे. हजेरी, चिकाटी, हिशेब, संघाशी इमान हे सगळं त्याच्यात आहे, आणि ते महिन्याच्या वर्गणीसकट दुसऱ्याच्या वावरात जिरतं आहे. त्याला आळशी म्हटलं की तो मनात हसतो, आणि त्याचं बरोबर असतं.

खऱ्या सालगड्याला मालक बदलायला वर्षातून एकच पाडवा मिळतो. ह्याचा पाडवा दर महिन्याला येतो, फक्त तो गुपचूप येतो, कारण वर्गणी आपोआप पुढे चालू राहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून असे पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी बँकेला ग्राहकाला कळवावं लागतं, आणि नको असेल तर तिथंच थांबवताही येतं. तो एसएमएस बहुधा मॅच चालू असतानाच येतो. येऊ द्या; मॅच संपल्यावर एकदा उघडून वाचा.