पाच पोरं म्हणजे मजुरी, चार म्हणजे माया

वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या हळदीत खुरपणाऱ्या बाईच्या कमरेला मात्र अजून कसलंच मानांकन नाही. बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी, झोळीत तान्हं, त्याच्यावरचं बांधावर बसून ढेकूळ चाखतंय. ओळ संपली की बाई उठते, झोका देते, थोरल्याच्या तोंडातली माती काढते, पुन्हा उकिडवी बसते. शहरात असल्या बैठकांचे महिन्याला पैसे मोजावे लागतात. हिंगोली जिल्ह्यात ही सोय फुकट आहे.

सरकारनं दखल घेतली नाही असं नाही. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद झाली : कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं आली, तर एका बाईला ती सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. म्हणजे पाच पोरं सांभाळणं हे काम, चार सांभाळणं ही माया. पाचव्याला ताप आला आणि ते आजीपाशी राहिलं, की कामाची पुन्हा माया होते.

2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्यांची काळजी घेणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 134 मिनिटं जात होती, काळजी घेणाऱ्या पुरुषांची 76. त्या 76 मिनिटांत नटवलेलं लेकरू पारावर मिरवून आणणं धरलंय का, कोण जाणे!

संध्याकाळी तेच लेकरू मळक्या हातांनी आईचे गाल ओढतं आणि ती खळखळून हसते. घरचे लगेच म्हणतात, ‘‘बघा, कुठं दमलीय?’’