टॉवेल आणि मोक्का

कमरेला खोचलेला टॉवेल किती महागात पडतो, ते क्रिकेटपटू श्रीसंतला विचारा. मे २०१३ मध्ये दिल्ली पोलिसांनी त्याला मुंबईत उचललं. सामन्यातला टॉवेल म्हणजे स्पॉट-फिक्सिंगसाठी बुकींना खूण, असा आरोप. कायदा लावला कोणता, तर आपला मोक्का! टोळ्यांसाठी केलेला महाराष्ट्राचा कायदा (निर्यातीत आपण मागे नाही) टॉवेलवर चालवला. २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टानं आरोपमुक्त केलं. क्रिकेट बोर्ड मात्र त्याच्यावरच्या आजन्म बंदीवर ठाम. कोर्ट कोर्टाच्या जागी, बोर्ड बोर्डाच्या! २०१६ मध्ये भाजपनं केरळ विधानसभेचं तिकीट दिलं. चेंडू टाकायला बंदी, कायदे करायला उमेदवारी! तिथंही पडला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आजन्माची सात वर्षं झाली. सप्टेंबर २०२० मध्ये बंदी संपली, तेव्हा हा वेगवान गोलंदाज ३७ वर्षांचा होता.