पंधराशेचं चलान

अहो, ऐकलंत का? तळमजल्यावरच्या काकूंचं चलान सुटलं! माफ नाही झालं हं, रद्द झालं. 'माफ' म्हटलं की काकू चिडतात. "माफी चोराला करतात," म्हणाल्या मला परवा जिन्यात.

तुम्ही नव्हतात ना तेव्हा, लेकीकडे गेला होतात. या अशा इकडे, कंपाउंडपाशी, मोठ्याने बोलायची सोय नाही.

तर काकूंच्या मोबाइलवर मेसेज आला. नो पार्किंग, दंड १५०० रुपये. स्कूटर काकूंच्या नावावर, त्यामुळे मेसेज त्यांनाच येणार, चालवणारा कुणी का असेना. गुडघे धरल्यापासून काकूंनी स्कूटरला हात लावलेला नाही, हे काय मी सांगायला हवं? चालवतात काका. आणि काका जातात कुठे, तर सकाळी कात्रजच्या तलावावर फिरायला, येताना डेअरीपाशी दूध, की घरी. निदान आपण सगळे तसंच समजत होतो...

काकू मोबाइल घेऊन तडक आमच्याकडे. आमचे हे म्हणाले, "आधी लिंकला बोट लावू नका. हल्ली चलानच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल पाठवतात, दाबली की खातं साफ." मग ह्यांनीच महाट्रॅफिकची सरकारी साइट उघडली, गाडीचा नंबर घातला, चॅसीचे शेवटचे चार आकडे घातले, तर काय, चलान अस्सल! तारीख एक, वेळ सकाळची पावणेनऊ, जागा पेठेतली एक गल्ली. कुठली गल्ली, कुठल्या साहेबांनी चलान केलं, ते मी नाही बाई सांगणार. आपल्याला याच गावात गाड्या लावायच्यात.

"पेठेत? आमची गाडी कात्रजला होती!" काकू कडाडल्या. "नंबर चुकीचा वाचलाय मेल्यांनी."

ह्यांना गप्प बसवतं का? म्हणाले, "पण काकू, नो पार्किंगला पहिल्या वेळी पाचशे असतात. पूर्वी दोनशे होते, २०२१ च्या डिसेंबरात वाढले. पंधराशे म्हणजे दुसरी वेळ."

"आम्हाला जन्मात चलान आलेलं नाही! म्हणजे आकडाही चुकीचा. बघितलंत? एका चलानात दोन चुका!"

आणि काका काय म्हणाले माहितेय? अगदी हळू आवाजात, "जाऊ दे ना, भरून टाकू." अहो, हा माणूस! सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये वीस रुपये जास्त लागले तर सेक्रेटरीला पत्र लिहिणारा! तो म्हणतो पंधराशे जाऊ दे? माझ्या मनात तेव्हाच चुकचुकलं होतं. पण आपण कशाला बोला.

मग काय, अख्ख्या बिल्डिंगला विषय मिळाला. बी विंगवाले म्हणाले, लोकअदालतीची तारीख येऊ द्या, तिथे तडजोड होते. काकू म्हणाल्या, तडजोड गुन्हा केलेल्यांनी करावी. वरचे ते एलआयसीवाले म्हणाले, "फोटो कशावर काढलाय ते विचारा. २०२५ च्या जुलैत आदेश निघालाय, पोलिसांनी स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून चलान करायचं नाही." कुणी म्हणालं, गाडी उचलून नेली नाही हेच नशीब, नाना पेठेत २०२१ साली बसलेल्या माणसासकट दुचाकी क्रेनने वर उचलली होती, आठवतंय ना तो व्हिडिओ? काकांनी तेवढ्यात विषय काढला की कात्रजच्या मेट्रोचं काम कुठवर आलं. कुणी लक्ष दिलं नाही.

तर काय सांगत होते... हां, तक्रार. महाट्रॅफिकच्या अ‍ॅपवरच तक्रारीची सोय असते. काकूंनी ह्यांच्याकडून टाइप करून घेतलं, 'सदर वाहन त्या वेळी कात्रज येथे होते.' धाडलं. आणि रविवारी आली त्यांची लेक.

लेकीने तो चलानवरचा फोटो लॅपटॉपवर मोठा केला. मी होते तिथे, डब्याचं झाकण परत द्यायला गेले होते. फोटोत स्कूटर मागून दिसत होती आणि हुकाला पिशवी. लालभडक खणाची, काठ पिवळा. आणि एक बंद हिरवा! अहो, भाचीच्या लग्नात उरलेल्या खणाची काकूंनी स्वतः शिवलेली ती, खण कमी पडला म्हणून एक बंद हिरवा लावलेला. अख्ख्या पुण्यात तशी दुसरी नाही.

"आई," लेक म्हणाली, "ही आपली..."

काकूंनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. काकांचा चेहरा तर असा उतरला, शिळ्या पापडासारखा! उठलेच ते. "दूध आणतो," म्हणाले. संध्याकाळी पाच वाजता! फ्रिजमध्ये दोन पिशव्या!

बसा तिथेच, म्हणाल्या काकू.

मग निघालं सगळं बाहेर. एक तारखेला पेन्शन जमा होते. त्या दिवशी तलाव वगैरे काही नाही, स्वारी स्कूटरवरून सरळ पेठेत, मिसळ खायला. शुगर किती आहे त्यांची, तुम्हाला ठाऊकच आहे. डॉक्टरांनी पावसुद्धा बंद केलाय. काका म्हणतात, "पण मी तर्री घेत नाही." हा बचाव हो!

मला वाटलं, आता चलान राहिलं बाजूला, इथेच कोर्ट बसतंय. पण लेक हुशार. म्हणाली, "थांबा, कोपऱ्यात बोर्ड बघा." विजेच्या खांबावर पी-१ ची पाटी, अर्धीच, पण स्वच्छ दिसत होती. पी-१ म्हणजे विषम तारखेला गाड्या त्या बाजूला, पी-२ म्हणजे सम तारखेला. रोज बाजू बदलते. पण एकतीस गेली आणि एक आली की? दोन्ही विषमच! काल ज्या बाजूला लावली त्याच बाजूला आजही लावायची. चलान करणाऱ्याचा हात सवयीने पडला असणार दुसऱ्या बाजूला.

काकू दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मिसळीचं मी बघते. पण गाडी योग्य जागी होती. पंधराशे द्यायचे नाहीत."

मला तर त्यांचं हेच आवडतं. नवऱ्यावर राग वेगळा, हिशेब वेगळा.

आता पंचाईत अशी, की पहिल्या तक्रारीत तर गाडी कात्रजला म्हणून लिहिलेलं! मग फोटोची रंगीत प्रिंट काढली, पी-१ भोवती लाल पेनाने गोल केला, आणि लेकीला घेऊन काकू स्वतः गेल्या. तिथल्या साहेबांनी दोन्ही अर्ज वाचले. म्हणाले, "ताई, आधी तर म्हणालात गाडी कात्रजला होती?"

काकू म्हणाल्या, "साहेब, मला तसंच सांगण्यात आलं होतं."

लेक सांगत होती, साहेबांनी शेजारच्या टेबलवाल्यालाही बोलावून घेतलं ते वाक्य ऐकायला. कॅलेंडर बघितलं, फोटो बघितला. थोडे दिवस गेले आणि काल चलान रद्द! ह्यांना बोलावलं खात्री करायला. साइट उघडली, थकीत काही नाही. काकूंनी तिथल्या तिथे चहा टाकला. काकासुद्धा बऱ्याच दिवसांनी हसले.

आणि आमचे हे! गप्प चहा प्यावा की नाही? "बघू, पेडच्या खान्यात काय आहे," म्हणाले आणि दाबलं.

एक चलान निघालं. भरलेलं. ५०० रुपये, गेल्या वर्षीचं, गल्ली तीच. मेसेज कुणी पाहिला, कुणी पुसला, देव जाणे. तारीख दोन. सम! म्हणजे तेव्हा गाडी खरंच चुकीच्या बाजूला होती.

मी कपात बघत बसले. ह्यांना चिमटा काढला, पण उशीर झाला होता. काकूंनी मोबाइल हातात घेतला, तारीख नीट वाचली, आणि काकांना एवढंच विचारलं,

"त्या दिवशी तर्री घेतली होतीत?"